ढकलत नेता येईल एवढ्या अंतरावर

पुण्यात पेठांच्या कोपऱ्यांवर, तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडसमोर, कोकणात बाजाराच्या तोंडाशी सायकलची दुकाने होती. काही अजून आहेत. त्यांच्यातल्या वस्तूंची, कामांची आणि माणसांची ही यादी. यातले काही गेले, काही जायच्या बेतात आहे आणि काही आपण मनावर घेतले तर राहील. त्या राहण्याजोग्यासाठीच यादी लिहितो आहे.

घमेले

दुकानाच्या पुढ्यात, पाण्याने अर्धे भरलेले. टायरची एक बाजू पट्ट्यांनी रिमबाहेर काढायची, ट्यूब ओढून घ्यायची, हवा भरायची आणि वीत वीत पुढे सरकवत पाण्यात बुडवायची. बुडबुडे आले की तिथे बोट. मग पुसणे, कानशीने घासणे, सोल्यूशन लावणे आणि थांबणे. नवखा ओल्या सोल्यूशनवरच पॅच दाबतो. जाणता ते सुकून बोटाला जेमतेम चिकटेल इतका दम धरतो. नंतर तो टायरच्या आतून बोटे फिरवतो. सराटा किंवा बाभळीच्या काट्याचे टोक आत राहिले असेल, तर नवी ट्यूबही गल्लीच्या टोकापर्यंत पुरत नाही. पंक्चरचे पैसे आपण पॅचचे म्हणून देतो, पण खरे मोल त्या बोटांचे असते.

वॉलट्यूब

शेवईएवढी रबरी नळी. दुकानदार ती लांबलचक विकत आणतो आणि लागेल तेवढी कात्रीने कापून देतो. पितळी वॉलच्या तोंडावर ती चढवली की झाले. पंपाची हवा तिला बाजूला सारून आत जाते आणि आतली हवा तिलाच दाबून वाट बंद करते. यात स्प्रिंग नाही, मोडण्यासारखा भाग नाही. रबर उन्हाने चिरले की हवा उतरते, मग नवा तुकडा घालायचा. नव्या सायकलींना आता मोटारसायकलसारखा वॉल असतो, महागड्या सायकलींना त्याहून बारीक, लांबट. त्या लांबट वॉलला गावातल्या पंपाचे तोंड बसत नाही. वेगळी टोपी लागते आणि ती बहुधा शहरातच मिळते.

पंप

पायाने दाबून धरायचा, दोन्ही हातांनी मारायचा. दुकानाबाहेर उभा, चोरीला जाऊ नये म्हणून साखळीने बांधलेला. ‘येथे हवा भरून मिळेल’ अशी पाटी किंवा झाडाला टांगलेला जुना टायर, एवढी खूण पुरे. स्वतः भरली तर बऱ्याच ठिकाणी कुणी पैसे मागत नसे. शाळेच्या वाटेवरची पोरे दप्तर पाठीवर ठेवूनच पंप मारत. आता तिथे कॉम्प्रेसर असतो आणि तो चालवणाऱ्याचा धंदा स्कूटर-मोटारींवर चालतो. सायकलवाल्याला थांबावे लागते.

भाड्याची वही

लांबट, पुठ्ठ्याची. रकाने चार: नाव, सायकलचा नंबर, नेल्याची वेळ, आणल्याची वेळ. नंबर मडगार्डवर रंगवलेला असे. अर्ध्या तासाचे, तासाचे, दिवसाचे भाडे ठरलेले. ओळखीच्या मुलाला नुसत्या नावावर सायकल मिळे. अनोळखी माणसाला ओळख आणावी लागे किंवा काहीतरी ठेवून जावे लागे. घरी सायकल नसलेली कितीतरी मुले-मुली अशा तासांवर शिकली. आधी दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल, मग दांड्यावरून, आणि सीटवर बसायला उंची वाढण्याची वाट.

डिसेंबर २०१७ मध्ये पुण्यात अॅपवरच्या सायकली आल्या. फोन दाखवला की कुलूप उघडे. पहिले काही महिने त्या जागोजागी उभ्या दिसत. पुढे काही पडलेल्या दिसू लागल्या, काही मोडलेल्या, आणि थोड्याच वर्षांत त्या बव्हंशी नाहीशा झाल्या. तंत्र चांगले होते. पण मोडलेली सायकल त्याच संध्याकाळी उचलून नीट करणारा माणूस त्या कोपऱ्यावर नव्हता. वहीच्या मागे तो असे. कुठल्या नंबरचा ब्रेक सैल आहे हे त्याला ठाऊक असे, कारण संध्याकाळी सगळ्या सायकली त्याच्याच दारात परत येत.

कॉटर

पायडलचा दांडा आसाला अडकवून ठेवणारी लोखंडी पाचर. एका बाजूने सपाट, दुसऱ्या टोकाला आटे. नवी कॉटर अशीच ठोकून चालत नाही, ती कानशीने मापात आणावी लागते. ठोकताना दांड्याखाली पाइपाचा तुकडा आधाराला द्यावा लागतो, म्हणजे हातोडीचा मार छर्‍यांवर जात नाही. दोन बाजूंच्या कॉटर उलटसुलट दिशेने घालाव्या लागतात, नाहीतर दोन्ही पायडल एका रेषेत येत नाहीत. हे सगळे कुठे लिहून लावलेले नसे. बहुतेक नव्या सायकलींना कॉटर नाही, ते बरेच झाले, कारण ती सैल होई आणि चढावर कटकट आवाज करी. पण लाखो जुन्या काळ्या सायकली अजून तिच्यावर चालतात आणि नीट कॉटर बसवणारे हात कमी होत चालले आहेत.

ओव्हरऑइलिंग

सगळी सायकल खोलायची. परातीत रॉकेल, त्यात सुटे भाग. जुने ग्रीस ब्रशने काढायचे, छर्रे एकेक करून पाहायचे. मागच्या चाकात दोन सुती, पुढच्या चाकात दीड सुती. एखादा झिजलेला दिसला तर त्या बाजूचे सगळेच बदलायचे, कारण नवा-जुना एकत्र घातला की भार एकट्या नव्यावर येतो. मग ताजे ग्रीस, त्यात छर्रे, वर त्यांना दाबून धरणारा कोन. कोन फार आवळला तर चाक जड, सैल ठेवला तर हलते. दोन्हींच्या मधली जागा हाताला कळावी लागते. पारख सोपी आहे: चाक उचलून सोडून द्यायचे. नीट बसले असेल तर नुसत्या वॉलच्या वजनाने ते हळूच फिरते आणि वॉल खाली येऊन थांबतो. पावसाळा संपला की दसऱ्याच्या आधी हे करून घेण्याची अनेक घरांत रीत होती. वर्षाकाठी एवढे केलेली सायकल बापाकडून मुलाकडे जाई.

बत्तीस आणि चाळीस

जुन्या मोठ्या सायकलच्या पुढच्या चाकाला ३२ तारा, मागच्या चाकाला ४०. बसणाऱ्याचे वजन मागच्या चाकावर अधिक पडते, कॅरिअरवरचा बोजा तर सगळाच मागे. म्हणून मागे आठ तारा जास्त. कारखान्यातून माल बहुतेक सुट्या भागांत येई: फ्रेम वेगळी, रिम वेगळी, हब वेगळा, तारांचा जुडगा. चाक दुकानात बांधले जाई. मांडी घालून बसलेला माणूस एकेक तार हबातून ओवून रिमपर्यंत नेई, ठरल्या जागी एकीवरून एक ओलांडत. बांधलेले चाक हातात घेताच त्याला कळे की हे टिकणार की पहिल्या खड्ड्यात बसणार.

आउट काढणे

खड्ड्यात आपटून चाक डुगडुगायला लागले की आउट काढायला न्यायचे. सायकल उलटी उभी करून चाक फिरवायचे, चाक धरणाऱ्या चिमट्याजवळ बोट किंवा खडू धरायचा आणि रिम कुठे घासते ते पाहायचे. रिम उजवीकडे गेली असेल तर तिथल्या डाव्या तारा आवळायच्या, उजव्या सैल करायच्या, अर्ध्या-पाव फेऱ्याने. एक तार ओढली की शेजारच्या तारांवरचा ताण बदलतो, म्हणून पुन्हा फिरवायचे, पुन्हा पाहायचे. घाईने केले तर चाक डोळ्याला सरळ दिसते आणि आठवड्यात परत वाकते. हे काम शिकायला महिने लागतात, आणि गिऱ्हाईक त्यासाठी द्यायला तयार असते फार थोडे. इतके थोडे की पुष्कळ ठिकाणी आता ‘रिमच बदला’ असे सांगितले जाते.

गेटर

टायर एका जागी फाटला, बाकीचा धड आहे. मग दुसऱ्या जुन्या टायरचा तुकडा कापून, त्याच्या कडा तासून, आतून लावायचा. यालाच गेटर टाकणे म्हणतात. वर्षभर सहज चालते. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला नव्या टायरचे पैसे साठवायला तेवढा अवधी मिळतो. नव्या दुकानांत गेटर मागितला तर तुमच्याकडे नुसतेच पाहतात.

डायनामो आणि बिल्ला

मागच्या टायरला घासून फिरणारी बाटली, ६ व्होल्ट. सायकल पळाली की दिवा लख्ख, थांबली की अंधार. डायनामोच्या आधी घासलेटचे दिवे होते. रात्री दिव्याशिवाय किंवा डबलसीट जाणाऱ्याला पोलीस अडवत. सायकलला कर होता, तो भरल्याचा धातूचा बिल्ला लावावा लागे. हा जाच होता, आणि तो गेला याचे दुःख नाही. पण रस्त्यावरचे वाहन म्हणून सायकलची नोंद शहराच्या दप्तरात होती. आता ती वाहनांच्या हिशेबातून जवळजवळ बाहेर आहे, म्हणून रस्ता आखतानाही ती सहज विसरली जाते.

असे जुने दिवे, घंट्या, पंप आणि सायकली पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात पाहता येतात. आवर्जून पाहाव्यात. संग्रहालयात वस्तू टिकते. आउट काढण्याचे काम मात्र ते रोज करणारा कुणी असेल तरच टिकते.

कामाच्या सायकली

गवळ्याच्या सायकलला दोन्ही बाजूंना किटल्यांचे आकडे. गोव्यात पोदेराच्या सायकलला मागे बांबूची मोठी टोपली, हँडलला भोंगा. पहाटे त्या आवाजावर गाव पाव घ्यायला दारात येते. मुंबईत डबेवाल्याच्या सायकलला हँडलवर, कॅरिअरवर, दोहो अंगांनी डबे. धारवाल्याची सायकल स्टँडवर उभी राहिली की तिच्या पायडलवर सहाणेचा दगड फिरतो. यातली एकही सायकल कारखान्यातून अशी येत नाही. जाड कॅरिअर जोडणे, दुहेरी स्टँड बसवणे, आकडे वेल्ड करणे, मागचे चाक जास्त तारांनी भरणे, हे सगळे कोपऱ्यावरच्या दुकानात होते. दुकानदाराला माणसाचा धंदा माहीत असतो, बोजा माहीत असतो आणि तो कुठला चढ चढणार आहे तेही.

कारखाने

मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता. आसनसोलला सेन-रॅलेचा. दोन्ही अडचणीत आले आणि १९८० साली कायदा करून सरकारने ते ताब्यात घेतले. पुढे तेही गेले. सोनीपतला १९५१ साली सुरू झालेल्या अॅटलसच्या सायकली महाराष्ट्रातल्या गावोगावी होत्या. त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. कामगार आले तेव्हा फाटकावर नोटीस होती. तो दिवस जागतिक सायकल दिन होता. आज त्या नावांच्या सायकली रस्त्यावर दिसतात त्या सुटे भाग जुळवून देणाऱ्या दुकानांमुळे. कंपनी गेली तरी सायकल चालते, कारण तिचे भाग एका मापाचे होते आणि दुकानदाराने जुन्या सायकलींतले चांगले भाग डब्यात जपून ठेवले होते.

खोका

आता सायकल खोक्यातून घरी येते. हँडल फिरवलेले, पायडल सुटे, सोबत छोटा पाना आणि चित्रांचा कागद. स्वस्त पडते. पण पुष्कळदा ब्रेक नीट लावलेले नसतात, हबात ग्रीस जेमतेम असते, कधी चिमटाच उलटा बसवला जातो. मुलाला पहिल्याच उतारावर ते कळते. सायकल शेवटी त्याच कोपऱ्यावरच्या दुकानात येते, जिथून ती घेतली नव्हती. विक्रीचा नफा दुसरीकडे गेला आणि कटकट इथे आली. तरी बहुतेक दुकानदार ती नीट करून देतात. त्या कामाला फिटिंग म्हणतात, आणि पूर्वी ते किमतीत धरलेले असे.

पोरगा

दुकानात एक पोरगा असे. आधी झाडणे आणि घमेले भरणे, मग हवा, मग पंक्चर, दोन-तीन वर्षांनी चाक. उस्ताद ओरडे, चहा पाजी, संध्याकाळी पैसे देई. शाळेच्या वयाची मुले कामाला नसावीत, हे योग्यच आहे. पण शाळा संपवलेला तरुणही आता इथे थांबत नाही. स्कूटरच्या गॅरेजात पगार जास्त, मोबाइलच्या दुकानात पंखा आणि खुर्ची. सायकल दुरुस्तीचे दर गिऱ्हाइकांनी इतके खाली धरून ठेवले आहेत की उस्ताद त्याला अडवूही शकत नाही. म्हणून बऱ्याच दुकानांत आज साठीच्या पुढचा माणूस एकटा बसलेला दिसतो. तो थकला की शटर खाली येते आणि जागेचे भाडे परवडणारा दुसरा कुणी तिथे येतो.

मुलींच्या सायकली

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळते. २०२२ साली ते ३,५०० वरून ५,००० रुपये झाले. या योजनेने अनेक मुलींचे शिक्षण पुढे गेले, कारण शाळा लांब होती आणि एस. टी. वेळेवर नव्हती. मात्र अनुदान सायकल घेण्यापुरते असते. पहिल्या पावसाळ्यानंतर साखळी गंजते, ब्रेकचे रबर झिजते, सराटा लागतो. गावात दुकान असेल तर मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत असते. नसेल तर सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकते आणि मुलगी चालू लागते, किंवा घरी बसते. तिच्या शाळेचा भार एका घमेल्यावर आहे, हे योजना आखणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

अंतर

या यादीतली शेवटची वस्तू म्हणजे एक अंतर. पंक्चर झालेली सायकल माणूस किती लांब ढकलत नेईल? अर्धा किलोमीटर, फार तर एक. त्या अंतरात दुकान असले तर सायकल रोजचे वाहन असते. दुकान चार किलोमीटरवर गेले की एका काट्याने सगळा दिवस मोडतो. मग माणूस कर्ज काढून स्कूटर घेतो आणि सायकल पार्किंगच्या कोपऱ्यात धूळ खाते. सायकल का मागे पडली याची कारणे पुष्कळ सांगतात: १९७२ साली आलेली लुना, मग स्कूटर, वाढलेले शहर, वाढलेल्या गाड्या. ती खरीच आहेत. दुकानांमधले वाढलेले अंतर हे कारण मात्र क्वचित कुणी सांगते, आणि त्याचा त्रास सर्वांत जास्त होतो तो ज्यांना स्कूटर परवडत नाही त्यांना. २०११च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती. सुरक्षारक्षक, गवंडी, घरकाम करणाऱ्या बाया, पेपर टाकणारी मुले: यांच्यासाठी ती छंदाची वस्तू नाही.

राहण्यासारखे

पुणे महापालिकेने २०१७ साली शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. अशा आराखड्यांत मार्ग असतात, फरशा असतात, खांब असतात. दर किलोमीटरला दुरुस्तीचा एक गाळाही असावा, कमी भाड्याचा, आणि रस्ता रुंद करताना पहिला हलवला न जाणारा. ज्या मार्गावर हवा भरता येत नाही तो मार्ग कागदावरच सायकलचा राहतो.

सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये पडलेल्या सायकली भंगारात देण्याआधी जवळच्या दुकानदाराला बोलवावे. चारांचे भाग जुळवून दोन चांगल्या सायकली तो उभ्या करतो. त्या वॉचमनच्या मुलीला, दूधवाल्याच्या मुलाला मिळाव्यात, आणि कामाचे पैसे सोसायटीने द्यावेत. शाळांनी पावसाळ्यानंतर एक दिवस त्याला आवारात बसवावे.

आणि आपण. टायर, ट्यूब, कुलूप, घंटी त्याच्याकडूनच घ्यावी, दहा-वीस रुपये जास्त पडले तरी. वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंग करून घ्यावे. आउट काढायला गेलात तर तो सांगेल ते पैसे द्यावेत. अर्धा तास मान खाली घालून केलेले ते काम आहे, त्यात घासाघीस करू नये. सायकल नवी घ्यायची असेल तर आधी त्याला विचारावे. काम नसेल तेव्हा नुसती हवा भरायला जावे, आणि मुलांना बरोबर न्यावे. पॅच कसा लावतात, चाक कसे सरळ होते, हे त्यांना जवळून पाहू द्यावे. ज्यांनी ते पाहिले आहे ती मुले मोडलेली वस्तू टाकण्याआधी दुरुस्तीचे दुकान शोधतील, आणि शोधणारे असतील तर दुकान चालवणारेही मिळतील.